जुन्या जपानी तलवारी: पारख, संग्रह आणि किंमत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सगळ्या जपानी तलवारींना काताना म्हणायचं का?

नाही. जपानी पद्धतीनं घडवलेल्या पात्याला एकूणात निहोन्तो म्हणतात आणि काताना हा त्यातला एक प्रकार. वर्गवारी लांबीवर चालते. शाकु हे जुनं माप, म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. दोन शाकुंपेक्षा लांब ती काताना किंवा ताची, एक ते दोन शाकुंमधली वाकिझाशी, एक शाकुच्या आतली तांतो. लांबी टोकापासून पाठीकडच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात. मुठीत जाणारा भाग त्यात धरत नाहीत.

ताची कमरेला धार खाली ठेवून टांगायचे, काताना धार वर ठेवून शेल्यात खोचायचे. कारागीर बहुधा अंगापासून बाहेरच्या बाजूला सही करत, म्हणून दोन्हींवरच्या सह्या विरुद्ध बाजूंना असतात. नवख्याला हा तपशील बिनकामाचा वाटतो, पण पुढं सही तपासताना तोच कामाला येतो.

‘जुनी’ म्हणजे किती जुनी?

अभ्यासकांचे टप्पे ठरलेले आहेत. साधारण १५९६ पर्यंतच्या तलवारी कोतो, तिथून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या शिंतो, त्यानंतर १८७६ पर्यंतच्या शिनशिंतो. १८७६ साली मेजी सरकारनं सामुराईंना उघडपणे तलवार बाळगायला बंदी केली आणि कारागिरांचा बाजारच बसला. १८७६ ते १९४५ मधल्या पारंपरिक तलवारींना गेंदाइतो म्हणतात, आजच्या कारागिरांच्या कामाला शिनसाकुतो. वय जास्त म्हणजे किंमत जास्त हे गणित इथं चालत नाही. सतराव्या शतकातलं धडधाकट, अस्सल सहीचं पातं चौदाव्या शतकातल्या झिजलेल्या पात्यापेक्षा महाग जाऊ शकतं.

पारख कुठून सुरू करायची?

आकारापासून. सही सगळ्यात शेवटी. जपानात ‘कांतेई’ नावाची पारखीची बैठक होते. तिथं मुठीतला भाग म्हणजे नाकागो कापडानं किंवा लाकडी मुठीनं झाकलेला असतो. पाहणाऱ्यानं उरलेलं पातं वाचून कारागिराचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. अचूक नाव आलं तर ‘आतारी’; त्याच घराण्यातल्या अगदी जवळच्या कारागिराचं नाव आलं तर ‘दोझेन’. सही न पाहता एवढं ओळखता येतं, यावरूनच पात्यात किती माहिती असते ते कळावं.

आकार काळ सांगतो. हेइआन आणि सुरुवातीच्या कामाकुरा काळातल्या (साधारण दहाव्या ते तेराव्या शतकातल्या) ताचीची वक्रता मुठीजवळ जास्त असते, टोकाकडं पातं निमुळतं होत जातं. चौदाव्या शतकात अवाढव्य, रुंद पाती आली. पंधराव्या-सोळाव्या शतकात पायदळाची लढाई वाढली, तेव्हा एका हातानं झटकन उपसता येतील अशी आखूड पाती आली आणि वक्रता टोकाकडं सरकली. १६६१ ते १६७३ या कानबुन काळातली तलवार जवळजवळ सरळ दिसते. तिचा आकार एकदा डोळ्यांत बसला की दुरूनही ओळखू येतो.

आकारानंतर पोलादाची वीण. पोलाद पुन्हा पुन्हा घडी घालून ठोकल्यानं पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते, ती हादा. आपल्याकडच्या जौहरदार पोलादाशी तिची गल्लत करू नका. जौहर हा मुळात त्या पोलादाच्या अंतर्गत रचनेतून येतो, हादा घड्यांमधून. सरळ रेषांची मासामे यामातो परंपरेकडं बोट दाखवते, लाकडी फळीसारखी इतामे पुष्कळ ठिकाणी सापडते. यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो अशा पाच मुख्य परंपरा मानतात. प्रत्येकीची वीण आणि धारेची रेषा यांची जोडी वेगळी.

ती पांढरी लाटेसारखी रेषा कशी येते? ती खोटी असू शकते का?

ती हामोन. पात्याला पाणी देण्यापूर्वी कारागीर त्यावर मातीचा लेप देतो, धारेवर पातळ आणि पाठीवर जाड. तापवून पाण्यात बुडवल्यावर धार झटक्यात थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन लवचिक राहते. दोन्हींची हद्द म्हणजे हामोन. कडक झालेली धार किंचित फुगते, म्हणून पातं पाण्यात असतानाच आणखी वाकतं.

हद्दीवर स्फटिकांचे कण दिसतात. डोळ्यांना सुटे दिसण्याइतके मोठे असले तर निए, धुक्यासारखे एकजीव असले तर निओई. बिझेनच्या कामात निओई ठळक आणि रेषा लवंगेच्या कळ्यांसारखी झुपकेदार, सोशूच्या कामात निए.

खोटी हामोन हल्ली सर्रास सापडते. आम्लानं काढलेली किंवा तारेच्या ब्रशनं घासलेली रेषा पृष्ठभागावर चिकटवल्यासारखी दिसते, सगळीकडं सारखीच करडी. अस्सल पातं एकाच दिव्याखाली सावकाश तिरकं फिरवलं की रेषेच्या आत हालचाल दिसते: कुठं कण चमकतात, कुठं धाग्यासारखी लकेर पळते. टोकाकडंही पाहा. हामोन टोकात वळून पाठीकडं परतते, तिला बोशी म्हणतात. स्वस्त नकलांत बोशी नसतेच, किंवा टोकाची आडवी रेषा नुसती घासून काढलेली असते.

सही आहे, मग तलवार अस्सलच ना?

उलट, मोठ्या नावाची सही दिसली की जास्त सावध व्हा. खोट्या सहीला गिमेई म्हणतात आणि ही लबाडी आजची नाही. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) नागासोने कोतेत्सू या कारागिराबद्दल तर संग्राहकांत म्हटलंच जातं की कोतेत्सू दिसला की आधी खोटाच धरा. मासामुने, मुरामासा, कियोमारो, सुकेहिरो या सह्यांचंही तेच.

तपासायचं काय? छिन्नीचा घाव, अक्षरांमधलं अंतर, सहीची जागा, नाकागोवरच्या कानशीच्या रेघांचा कोन आणि शेंड्याचा आकार. प्रत्येक घराण्याची कानस लावण्याची पद्धत ठरलेली होती. अक्षरांच्या खाचांतला गंज आजूबाजूच्या गंजाशी जुळतो का, हे भिंगातून बघा. पण मुख्य कसोटी एकच: पातं जे सांगतंय तेच सही सांगतेय का? चौदाव्या शतकातल्या कारागिराचं नाव आणि आकार कानबुन काळातला, तर बाकी काही बघायची गरज नाही.

अस्सल सहीतही दर्जाचा फरक असतो. बिझेनमधल्या ओसाफुने गावात सुकेसादा नावाचे कितीतरी कारागीर होऊन गेले. सोळाव्या शतकातल्या युद्धांसाठी त्यांच्या कारखान्यांत ढिगानं तलवारी बनत. त्यांवर नुसतं ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ असतं. गिऱ्हाइकानं खास मागणी करून घडवून घेतलेल्या तलवारीवर कारागिराचं व्यक्तिगत नाव असतं, उदाहरणार्थ योसोझाएमोन-नो-जो सुकेसादा. त्याच गावचं आणि त्याच घराण्याचं काम असूनही दोन्हींच्या किमतीत फार मोठी तफावत पडते.

सही नसेल तर तलवार बिनकामाची का?

अजिबात नाही. जुन्या लांब ताची पुढच्या पिढ्यांनी नाकागोच्या बाजूनं कापून आखूड केल्या, त्यात सह्या गेल्या. अशा पात्यांना ओ-सुरिआगे मुमेई म्हणतात आणि कामाकुरा काळातली पुष्कळ पाती आज याच रूपात आहेत. त्यांचा निकाल पात्याच्या कामावरूनच लागतो. सोळाव्या शतकातला सरदार उएसुगी केनशिन याच्याकडची ‘यामातोरिगे’ ही ताची बिनसहीची आहे, तिचं श्रेय इचिमोनजी घराण्याला दिलं जातं, आणि ती राष्ट्रीय ठेवा आहे. ओकायामा प्रांतातल्या सेतोउची शहरानं लोकवर्गणी उभारून २०२० साली ती ५० कोटी येनला विकत घेतली.

नाकागोवर गंज चढलाय. साफ करू का?

नाही. हात लावू नका, तेल चोळू नका, चिंच-लिंबू-पॉलिशपेपर तर लांबच. तो गंज म्हणजे वयाचा पुरावा. काळसर, दाट, आतून मुरलेला गंज जुन्या पात्यावर असतो. नारिंगी, भुसभुशीत गंज अलीकडचा किंवा मुद्दाम आणलेला. नाकागो घासून चमकवलेल्या तलवारीची किंमत तिथल्या तिथं कोसळते आणि ते नुकसान परत भरून निघत नाही.

कोणते दोष चालतात, कोणते नाही?

धारेला आडवी गेलेली चीर, हागिरी, म्हणजे तलवार संपली. केसासारखी बारीक असते आणि धार दिव्याकडं रोखून पाहिल्याशिवाय दिसत नाही. विक्रेत्यानं दिलेल्या फोटोंत ती कधीच नसते. पूर्ण घासून गेलेली हामोनही तशीच: पातं पुन्हा पुन्हा घासल्यानं कडक पोलाद उरलेलंच नसतं. टोकाला बोशी उरली नसेल तर तेही जवळपास तसंच.

बाकीच्या दोषांत तडजोड होते. घड्यांचा जोड उघडून दिसणारी लांबट फट किंवा पोलादाचा फुगवटा जुन्या कोतो पात्यात सहन केला जातो, सतराव्या शतकातल्या नामांकित कारागिराच्या पात्यात नाही. धारेला गेलेला टवका पॉलिश करताना निघू शकतो, पण त्यासाठी सगळंच पातं थोडं बारीक करावं लागतं. वारंवार घासून वरचं कडक पोलाद झिजलं की आतलं मऊ पोलाद डोकावू लागतं. त्या पात्याला थकलेलं म्हणतात आणि थकवा उतरत नाही.

विक्रेता ‘कागदपत्रांसह’ म्हणतो. कोणते कागद?

इथं लोक सर्वांत जास्त फसतात. जपानातल्या प्रत्येक तलवारीबरोबर प्रांताच्या शिक्षण मंडळाचा नोंदणी दाखला असतो, तोरोकुशो. त्यावर लांबी, वक्रता, मुठीच्या खिळीची भोकं आणि सहीत जी अक्षरं दिसली ती नोंदलेली असतात. ती सही खरी आहे असं तो कागद म्हणत नाही. जुन्या नोंदणीवर १९५१ साल दिसलं की तलवार सरदार घराण्यातली असल्याचं विक्रेते सुचवतात. शक्यता असते, पण तेवढ्यावर जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

पारखीचे दाखले वेगळे. १९४८ साली स्थापन झालेली जपानी कला-तलवार जतन संस्था, लघुरूपात एन.बी.टी.एच.के., चार दर्जे देते: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो. होझोन म्हणजे तलवार अस्सल आणि जतन करण्याजोगी. जुयोसाठी परीक्षा वर्षातून एकदा होते आणि तिथं निवड कडक असते. याच संस्थेचे १९८२ पूर्वीचे पांढरे-हिरवे किचो दाखले मात्र विश्वासार्ह मानले जात नाहीत. त्यातल्या हिरव्यांबद्दल शंका जास्त. मोठ्या नावावर जुना हिरवा कागद असेल आणि मालकानं इतक्या वर्षांत नव्या परीक्षेला तलवार पाठवलेली नसेल, तर ती का पाठवली नाही ते विचारा.

तलवारी पारखणाऱ्या होनआमी घराण्याचे जुने ‘ओरिगामी’ दाखलेही बाजारात येतात. तोकुगावा, म्हणजेच एदो, काळात या घराण्याचा शब्द शेवटचा असे. पण कागद एका तलवारीचा आणि पातं भलतंच, अशी जोडी जमवणं अवघड नाही.

आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली तलवार घरात आहे. काय असेल ती?

हा प्रश्न महाराष्ट्रातून वरचेवर येतो, आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४४ मध्ये, मणिपुरात जपान्यांशी झालेल्या सांगशाकच्या लढाईत चौथी मराठा बटालियन होती. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात कांगॉला लढलेल्या ब्रिगेडमधल्या एका बटालियनचे प्रमुख कोल्हापूरचे एस. पी. पी. थोरात होते. शरणागतीनंतर जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या गेल्या, त्यातल्या काही सैनिकांच्या घरी आल्या.

जपानी अधिकारी तलवार स्वतःच्या पैशानं घेत. त्यामुळं १९३४ नंतरच्या शिन-गुंतो साजात, म्हणजे पितळी फुलांच्या मुठीत आणि धातूच्या किंवा कातडी वेष्टनाच्या म्यानात, आत काहीही सापडू शकतं. बहुतेक वेळा ते शोवातो असतं: कारखान्यातल्या पोलादाचं, तेलात थंड केलेलं पातं. नाकागोवर ‘शो’ किंवा ‘सेकी’ असा छोटा शिक्का ही त्याची खूण. तारेचा शिक्का असला तर लष्करानं मान्यता दिलेल्या कारागिराचं पारंपरिक काम असण्याची दाट शक्यता. टोक्योतल्या यासुकुनी देवळाच्या आवारात १९३३ ते १९४५ मध्ये घडवलेल्या तलवारींना आज चांगली मागणी आहे. आणि क्वचित घराण्यातलं चारशे वर्षांचं पातं लष्करी मुठीत बसवलेलं निघतं.

शिपायांच्या वरच्या दर्जाच्या, बिनकमिशन अधिकाऱ्यांना सरकारी तलवार मिळे, १९३५ चा नमुना. यंत्रावर बनवलेली, पात्यावर क्रमांक ठोकलेला, नंतरच्या बनावटीत मूठ ओतीव आणि रंगवलेली. तिचं मोल युद्धकाळातली वस्तू म्हणून. नकलाही तिच्याच सर्वाधिक.

मूठ काढून पाहायची तर बांबूची खिळी हलक्या हातानं बाहेर ढकला, डाव्या हातात मूठ धरून पातं तिरकं उभं ठेवा, धार स्वतःपासून दूर, आणि उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर हलका ठोसा द्या. पातं सैल होईल. होत नसेल तर जोर करू नका. नाकागोचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि होतं तसं परत बसवा. म्यानाला किंवा मुठीला चिकटलेली जुनी चिठ्ठी असेल तर ती काढू नका. इतिहास तिच्यावरच लिहिलेला असतो.

ओळखीच्या शिकलगाराकडून धार आणि चकाकी करून घेऊ का?

शिकलगार त्यांच्या कामात तरबेज असतात, पण हे काम त्यांचं नाही. सहाणेचं फिरतं चाक किंवा बफ एकदा लागला की पात्याच्या कडा गोल होतात, टोकाचा आकार जातो आणि हामोनचे कण दिसेनासे होतात. जपानी तोगिशी नैसर्गिक दगडांच्या क्रमानं हातानं घासतो, शेवटी बोटाखाली धरलेल्या पातळ दगडी चकत्यांनी. हे शिकायला वर्षं जातात आणि कामाचं बिल बऱ्याचदा साध्या तलवारीच्या किमतीपेक्षा मोठं होतं. म्हणून आधी तज्ज्ञाला विचारा की या पात्यावर एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का. पुष्कळदा उत्तर ‘नाही’ येतं, आणि मग पातं आहे तसं राखणं हाच उपाय.

कोकणातल्या पावसाळ्यात पातं कसं सांभाळायचं?

पात्याला बोट लावायचं नाही. घामाचा ठसा एका रात्रीत गंजतो. पात्यावर तोंड करून बोलायचंही नाही. जुनं तेल मऊ कागदानं टिपून घ्या आणि शुद्ध हलक्या खनिज तेलाचा अगदी पातळ थर द्या. तेल ओघळलं तर जास्त झालं. दगडाच्या भुकटीची ती गोल पुरचुंडी, उचिको, चित्रपटांत फार छान दिसते; चांगल्या पॉलिशच्या पात्यावर ती वारंवार मारली तर ओरखडे उठतात.

पातं होनोकी (मॅग्नोलियाच्या जातीच्या) लाकडाच्या साध्या म्यानात, शिरासायात, आडवं ठेवा. म्यानातून काढताना धार वर, पाठ लाकडावर टेकलेली. जून ते सप्टेंबर दर पंधरा-वीस दिवसांनी पाहा, कपाटात सिलिका जेल ठेवा. रेशमी कव्हर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका.

भारतात अशी तलवार बाळगणं कायदेशीर आहे का?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांत तलवार धारदार शस्त्रांच्या वर्गात येते. ती बाळगायला परवाना लागेल की नाही, हे तुमचा भाग कलम ४ खाली अधिसूचित आहे का यावर ठरतं, तेव्हा स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्या. जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश वेगळे. ऑनलाइन तलवारी मागवल्याबद्दल महाराष्ट्रात गुन्हे दाखल झालेले आहेत.

परदेशातून आणायला शस्त्र आयातीचा परवाना लागतो. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू भारताबाहेर न्यायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं जा. जपानमधून नेताना तिथल्या सांस्कृतिक व्यवहार विभागाची परवानगी काढावी लागते आणि मूळ नोंदणी दाखला परत करावा लागतो. राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता म्हणून घोषित तलवार कायमची देशाबाहेर जाऊच शकत नाही.

मग भारतात राहून संग्रह करायचाच नाही का?

त्सुबा गोळा करा. त्सुबा म्हणजे मूठ आणि पात्यामधली चकती. ती शस्त्र नाही, जागा कमी घेते, आणि कारागिरी तलवारीच्या तोडीची. लोखंडात कोरून आरपार काढलेलं ओवारी प्रांताचं काम, हिगो प्रांताचं काम, गोतो घराण्याचं सोन्याचं जडावकाम: एकेक शाखा आयुष्यभर पुरेल. त्यांनाही एन.बी.टी.एच.के.चे दाखले मिळतात. माझं मत विचाराल तर पुण्या-मुंबईतल्या नव्या संग्राहकानं सुरुवात इथूनच करावी.

लिलावाच्या संकेतस्थळावर स्वस्तात दिसतेय. घेऊ का?

नाकागोचे दोन्ही बाजूंचे सरळ फोटो, टोकाचा जवळून फोटो आणि पूर्ण पात्याचा मूठ काढलेला फोटो मागा. यातला एकही नाकारला तर विषय संपला. ‘सामुराई घराण्यातून थेट’, ‘आजोबांच्या माळ्यावर सापडली’ या वाक्यांची किंमत शून्य. ठळक काळी-पांढरी ‘दमास्कस’ नक्षी, मुठीखाली खरखरीत माशाच्या कातडीऐवजी प्लास्टिक, नाकागोवर एकसारखा तपकिरी रंग, पात्यावर कोरलेला भरजरी ड्रॅगन हे सगळं एकत्र दिसलं तर ती आजच्या कारखान्यातली नक्कल.

खऱ्या तलवारी डोळ्यांनी कुठं पाहता येतील?

टोक्योत गेलात तर र्योगोकूचं तलवार संग्रहालय आणि उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय. ओकायामाकडं ओसाफुनेचं संग्रहालय, नागोयात तोकुगावा कला संग्रहालय. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना बोस्टनचं ललितकला संग्रहालय, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम जवळची. पात्यासमोर गुडघ्यात वाकून, दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर येईल असं डोकं हलवत पाहा. सरळ उभं राहून काहीच दिसत नाही. आजूबाजूचे लोक विचित्र नजरेनं बघतील, बघू द्या.

युद्धात आलेली तलवार जपानी कुटुंबाला परत करता येईल का?

येते, पण आधी पातं कोणतं ते ठरवा. जपानात फक्त पारंपरिक पद्धतीनं घडवलेल्या तलवारीची नोंदणी होते. यंत्रावरचं किंवा कारखान्यातल्या पोलादाचं शोवातो तिकडं पाठवलं तर त्याची नोंद होत नाही आणि ते जप्त होतं. सद्भावनेनं पाठवलेली तलवार अशी नष्ट व्हायची.

पातं पारंपरिक निघालं तर प्रयत्न जरूर करावा. कागोशिमाच्या तेरुकुनी देवळाची, कुनिमुने या कारागिराची ताची, राष्ट्रीय ठेवा असलेली, १९४५ नंतर बेपत्ता झाली होती. अमेरिकन संग्राहक वॉल्टर कॉम्प्टन यांना ती अमेरिकेत विकत मिळाली आणि त्यांनी १९६३ साली काही मोबदला न घेता ती देवळाला परत केली. तोकुगावा घराण्याची होंजो मासामुने नावाची तलवार डिसेंबर १९४५ मध्ये मेजिरो पोलीस ठाण्यात जमा झाली, तिचा मात्र पत्ता लागलेला नाही. तुमच्या तलवारीच्या नाकागोवर, मुठीच्या आतल्या लाकडावर किंवा चिठ्ठीवर मालकाचं नाव असेल तर त्याचे स्वच्छ फोटो घेऊन आधी मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाला लिहा. उत्तर येईपर्यंत तलवार घराबाहेर काढू नका.